तुम्ही विचारलंत म्हणून: हेराल्ड ओरिजिनल का ठेवली नाही

हा प्रश्न मला पेट्रोल पंपावर विचारून झालाय, आमच्या बेळगावात गोवावेसला गाडी उभी असताना विचारून झालाय, आणि मागच्या महिन्यात एका मयतीला गेलो होतो तिथे स्मशानाच्या बाहेर चप्पल घालता घालता विचारून झालाय. विचारणारा बहुतेक वेळा जाणकार असतो. गाडीभोवती एक चक्कर मारतो, बॉनेट उघडायला लावतो (हेराल्डचं अख्खं नाक मडगार्डांसकट पुढे उलटतं, ते बघायला सगळ्यांनाच आवडतं), आत वाकतो आणि मग मान वर करून म्हणतो, अहो एवढी छान केलीय, पण ब्रेक ओरिजिनल का ठेवले नाहीत? हा आल्टरनेटर कशाला? सीटबेल्ट कशाला? आप्पांची गाडी ना ही?

होय, आप्पांचीच. 1965 ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, आप्पांनी हुबळीहून सेकंडहँड आणलेली. दरवेळी मी काहीतरी अर्धवट उत्तर देऊन निघतो आणि घरी येईपर्यंत चिडचिड होते, म्हणून आता एकदाच सगळं लिहितोय.

आधी एक बाजूची गोष्ट संपवतो. काहीजण म्हणतात हेराल्ड कुठं स्पोर्ट्स कार, ती तर फॅमिली गाडी. बरोबर आहे. पण 1962 ला आलेली इंग्लंडची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चॅसिस आखूड करून बनवली होती, दोन्ही गाड्यांचं डिझाईन इटलीच्या मिकेलोत्तीचं, पुढचं सस्पेन्शन तेच, रॅक-पिनियन स्टिअरिंग तेच, मागचा आडवा पाटाही (पट्ट्यांची स्प्रिंग) तोच. मद्रासला बनलेल्या आपल्या हेराल्डच्या बॉडीखाली शिरून बघा, खाली स्पोर्ट्स कारच आहे. तिचे गुण पण आणि तिची दुखणी पण. हे दुखण्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी मी 2009 ला अनगोळच्या घरामागच्या शेडमध्ये उघडली आणि 2013 ला रस्त्यावर आणली. बॉडी चॅसिसवर बोल्टने बसवलेली असते, ती उचलायला आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं आली होती. चार वर्षांचं वर्णन करत नाही, ज्यांनी जुनी गाडी घरी केलीय त्यांना सांगायची गरज नाही. मी तेव्हा ओरिजिनलच्या बाबतीत एवढा कडक होतो की आज तो माणूस समोर आला तर मी त्याच्याशी भांडेन. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोचे ब्रश मिळेनात म्हणून मी दुसऱ्या ब्रशना कानस मारून बसवले पण त्याच कामाचा नवा आल्टरनेटर घातला नाही. बॅटरी पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे तिचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, तशीच ठेवली. बायको म्हणाली, अहो निदान पुढच्या दोन सीटना बेल्ट तरी बसवा. मी तिला काय सांगितलं ते मला शब्दनशब्द आठवतं. म्हणालो, बेल्टसाठी मी आप्पांच्या गाडीला भोकं पाडणार नाही.

आता पुढच्या चाकाचं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हेराल्डच्या पुढच्या चाकामागे एक उभा पोलादी दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात फिरवून बसवलेलं असतं. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. उजव्या चाकाला उजवे आटे, डाव्याला डावे. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो, आणि चाक जागेवर धरून ठेवायचं काम खाली त्याच आट्यांकडे. यात गिअर ऑइल घालायचं असतं, 90 नंबरचं. ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, वाळून घट्ट बसतं, पाणी आत शिरतं आणि पोलाद आतून गंजतं, बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्या गाडीला मात्र आधीच्या कुणीतरी प्लगच्या जागी ग्रीसचं निप्पल बसवलेलं होतं, आणि निप्पल दिसलं की हात आपोआप ग्रीसगनकडे जातो.

मला हे सांगितलं नव्हतं असं नाही. 2013 ला अलाइनमेंट बघायला कॅम्पातले एक म्हातारे मिस्त्री आले होते, त्यांनी अशा गाड्या चालू काळात हाताळलेल्या. खाली वाकून निप्पल बघितलं आणि म्हणाले, "ग्रीस अल्री, एण्णी हाकबेक्री." माझं कानडी कामापुरतंच आहे, पण हे वाक्य मला स्वच्छ कळलं होतं. ग्रीस नको, तेल घाला. मी हो हो म्हटलं. मग दर चार-सहा महिन्यांनी ग्रीसगन लावत राहिलो, कारण ग्रीस बाहेर आलेलं डोळ्यांना दिसायचं आणि बरं वाटायचं. कंपनीच्या पुस्तकातसुद्धा तेलच लिहिलेलं आहे. ते पुस्तक माझ्याकडे होतं. बॅज कुठं बसतो आणि सीटला शिवण कुठली हे त्यात शोधून शोधून बघणारा मी, ते पान मी वाचलं नव्हतं.

2017 चा डिसेंबर. आईला गोव्यात कवळ्याला शांतादुर्गेला न्यायचं होतं. आई तेव्हा 71 ची. ती म्हणाली आप्पांच्या गाडीतनं जाऊया की, आणि मला तर तेच हवं होतं. पुढे आई, मागे बायको आणि मुलगी. जांबोटीला चहा घेतला, कणकुंबी गेली, चोर्ल्याच्या पुढे घाट उतरायला लागलो. थंडी होती, काचा खाली होत्या, आई मागे वळून नातीला काहीतरी सांगत होती, आप्पा या घाटात कसे हॉर्न वाजवायचे असलं काहीतरी.

उजवीकडचं वळण होतं. दुसरा गिअर, वेग वीस-पंचवीस, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण काटलेलं, ब्रेकवर हलका पाय. अडकित्त्यात सुपारी फुटते ना, तसा आवाज आला. टक्. एवढाच. आणि गाडीचं डावं नाक खाली बसलं.

डावं चाक मडगार्डच्या आत दुमडून गेलं होतं. ते दुमडताना ब्रेकचा रबरी होस तुटला, आणि या गाडीत चारी चाकांना एकच लाईन, एकाच मास्टर सिलेंडरवर. पाय थेट पत्र्याला टेकला. परत दाबला, परत पत्रा. मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी, स्टिअरिंगचा तसाही काही उपयोग उरला नव्हता. हँडब्रेक मागच्या चाकांना केबलने असतो म्हणून तेवढा लागला. गाडी वळायच्या ऐवजी सरळ, खरडत, पत्रा रस्त्यावर घासल्याचा तो आवाज, आणि कठड्याला जाऊन लागली. जोरात नाही. अगदी हळू लागली. एवढ्या हळू की मागच्या दोघींना काही झालं नाही.

आईने हात पुढे केला होता. कुणीही करतं, तोल गेला की. डाव्या हाताच्या तळव्यावर तिचं सगळं वजन डॅशबोर्डच्या कडेवर आलं. ओठ फुटला होता, रक्त दिसत होतं म्हणून आम्ही सगळे ओठाकडेच बघत होतो, आणि ती मांडीवर डावा हात धरून गप्प बसलेली. मनगट मोडलंय हे तिला कळलं होतं, तिने सांगितलं नाही. मागून आलेल्या एका गोव्याच्या गाडीने तिला आणि बायकोला घाटाखालच्या साखळी गावाला नेलं. मी मुलीला घेऊन गाडीपाशी थांबलो.

तेव्हा मी वाकून बघितलं. मी उद्यमबागला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, काम करतो, दिवसभर आटे कापतो, मोडलेला दांडा वाचायला मला कुणी शिकवायची गरज नाही. आट्यांच्या मुळाशी तुकडा पडला होता. मोडलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग तांबूस काळा, उरलेला चकचकीत करडा. करडा भाग त्या सकाळी तुटलेला. काळा भाग केव्हाचा तडकून बसलेला, आत पाणी जाऊन गंजलेला. म्हणजे किती महिने मी मुलीला शाळेला सोडत होतो त्याच चाकावर. पितळी ठोकळ्यात बोट घातलं तर ग्रीस मेणासारखं घट्ट, आणि आट्यांच्या तळाला ते पोचलेलंच नव्हतं, तिथं नुसता गंज.

आता तुम्ही म्हणाल, आणि बरोबर म्हणाल, की मग चूक तुमची झाली, गाडीची नाही. तेल घातलं असतं तर काही झालं नसतं. मग ब्रेक आणि बेल्ट कशाला बदलले? हे मला माझ्या मुलीनेही विचारलंय. ट्रनियन माझी चूक, ते मी कुणावर ढकलत नाही. पण चूक माणसाकडून होणारच, आणि एका चाकाचा होस तुटला की चारी चाकांचा ब्रेक जातो ही रचना त्या चुकीला माफ करत नाही. म्हणून डबल सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवला, एक लाईन गेली तरी दुसरी धरते. पुढे ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवले, स्पिटफायरचे, त्याच दांड्यावर बसतात. स्पिटफायरला 1962 च्या पहिल्याच मॉडेलपासून पुढे डिस्क होत्या. म्हणजे मी बाहेरचं काही आणलेलं नाही, तिच्याच घरातलं आणलंय. नवे दांडे इंग्लंडहून मागवले. इथे बनवायचा मोह झाला होता, मशीन आहे, मटेरियल मिळतं, पण फोर्जिंगचा, म्हणजे ठोकून घडवायचा, भाग मी नुसत्या पोलादी सळईतून कापून आईच्या बाजूला लावणार नव्हतो.

आणि ओरिजिनल ओरिजिनल काय करता, मागचा आडवा पाटा घ्या. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागची चाकं आत दुमडायला बघतात, ही तक्रार कंपनीलाही माहीत होती. 1970 च्या मार्क 4 स्पिटफायरला त्यांनी पाट्याची रचना स्वतः बदलली, आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1972 ला गझेल ही गाडी काढली तेव्हा मागे सरळ ॲक्सलच टाकला. कंपनीने बदललं तर ती सुधारणा आणि मी बदललं तर बिघडवलं, हे मला पटत नाही. पाटा मी अजून बदललेला नाही, ते वेगळं.

पण खरं सांगायचं तर सगळ्याच बदलांना हे उत्तर लागू होत नाही. आल्टरनेटरचा आणि घाटाचा काही संबंध नाही. मारुतीचा आल्टरनेटर घातला, अर्थ निगेटिव्ह केली, ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, कारण एकदा गाडी उघडलीच होती आणि मला भीती बसली होती, काहीही जुनं दिसलं की वाटायचं हेही तुटेल. डायनामो व्यवस्थित चालत होता. तो काढायला नको होता असं मला कधीकधी वाटतं, विशेषतः रात्री, कारण डायनामोवर इंजिन मंदावलं की दिवे मंद व्हायचे आणि आप्पांबरोबरचा तो पिवळा उजेड मला आठवतो. पेट्रोलचे रबरी पाईप आणि पंपाचा पडदा मात्र बदलावाच लागला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असेल, आणि ते जुनं रबर खातं. त्यात ओरिजिनलचा प्रश्नच नाही.

इंजिनाला हात लावला नाही. 948 सीसी आहे तेच आहे. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटर वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, आणि मला तिला पळवायचीही नव्हती. 2021 ला विंटेज गाड्यांचा नियम आला, 50 वर्षांपुढच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला 20000 रुपये. बरेचजण म्हणाले घ्या. पण त्यात मूळ रूप राखायचं आणि रोजच्या वापराला चालवायची नाही. मला ती उद्यमबागला न्यायची असते, भाजीला न्यायची असते. दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग करतो, तेच बरं आहे.

काढलेलं सगळं मी ठेवलंय. डायनामो, जुना मास्टर सिलेंडर, ड्रम, पॉइंट, सगळं तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून आप्पांच्या पत्र्याच्या ट्रंकेत. उद्या माझ्या मुलीला वाटलं तर एका आठवड्यात परत बसवता येईल. मी लोकांना अभिमानाने सांगायचो की यात असं एकही काम नाही जे उलट करता येत नाही. हे खोटं आहे. बेल्टसाठी सहा भोकं पाडलीत, प्रत्येक सीटला तीन, मागून जाड पत्रा वेल्ड करून. ती बुजवता येतील, पण पडलेलीच राहतील. पहिलं भोक आईच्या बाजूच्या खांबाला पाडलं. ड्रिल लावण्याआधी मी बराच वेळ नुसता बसलो होतो.

आईचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळत नाही. भाकरी थापायची सोडली तिने, बायको थापते आणि आई शेजारी बसून सांगते कड जाड राहिली म्हणून. गाडी विकून टाकतो म्हणालो होतो तेव्हा माझ्यावर चिडली, आप्पांची गाडी आहे, विकायची नाही. पण त्यानंतर ती त्यात बसलेली नाही. गेल्या नवरात्रात गाडी दारात आणली, दार उघडून धरलं, म्हटलं चल एक चक्कर मारू, आता बेल्ट आहे. आली, सीटला हात लावून बघितला, खांद्याकडचा पट्टा डाव्या हाताने ओढायला गेली आणि हात तिथवर वळला नाही. मी लावून देतो म्हटलं. म्हणाली, राहू दे रे, पुढच्या वेळी बघू.