बर्फात नाळ पकडू नका राव

जानेवारी आला की आमच्या ट्रेक ग्रुपवर उत्तराखंडातल्या केदारकांठाचे प्लॅन सुरू होतात आणि मग तेच प्रश्न, जॅकेट कुठलं घेऊ, मायक्रोस्पाइक्स (बुटांना लावायचे काटे) भाड्याने मिळतात का. हिमस्खलनाचा धोका किती, म्हणजे उतार किती अंशाचा आणि मागच्या चार दिवसांत तिकडे किती बर्फ पडला, वारा कुठून होता, हे कोणी विचारत नाही. रुळलेल्या वाटेवर एक वेळ खपून जातं, पण यंदा काही जण स्वतः रूट लावून वर जायचं म्हणतायत म्हणून लिहितोय.

आपली गोची अशी की आपण सगळं सह्याद्रीत शिकलो. इथे नाळ, म्हणजे कड्यातून वर जाणारी अरुंद घळ, दिसली की बरं वाटतं, कातळ टाळून सरळ वर. बर्फात नेमकं उलटं, वाऱ्याने उडवलेला बर्फ नाळेत साठतो, वरून सुटलेलं सगळं तिथूनच खाली येतं आणि जागा अरुंद म्हणून थोडक्या बर्फातही माणूस खोल गाडला जातो. त्यापेक्षा धार बरी, पण अगदी कडेला नको, तिथे बर्फाचा छज्जा बाहेर आलेला असतो आणि खाली नुसती हवा.

हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, 38 च्या आसपास सगळ्यात जास्त. त्याहून फार उभ्या भिंतीवर बर्फ साठतच नाही. ट्रेकिंगचा पोल उताराच्या दिशेने, वरून खाली असा बर्फावर टेकवा, त्यावर मोबाईल ठेवून ॲपमध्ये अंश बघा, सिंहगडाच्या वाटेवर आधी करून बघा, नजर किती फसवते ते कळेल. आणि स्वतः सपाटीवर असलात तरी डोक्यावर काय आहे ते बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे मजूर कॅम्पमध्ये कंटेनरमध्ये होते, उतारावर नाही, तरी 8 जण गेले.

आता बर्फाच्या थरांच्या आत काय होतं ते. सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, जमीन शून्याच्या आसपास आणि वर कडाक्याची थंडी, त्यामुळे खालून वाफ वर सरकत राहते आणि तळाचा थर साखरेसारखा दाणेदार होतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्याने घट्ट बसला की झाली लादी तयार, आणि ती मोडायला तुमचं एकट्याचं वजन पुरतं. चालताना पायाखाली धप्प आवाज आला किंवा पायापासून भेगा पळाल्या तर चर्चा नको, मागे फिरा. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मस्त निळं आकाश पडतं ना, फोटोवालं, तोच दिवस बेकार.

आणि फक्त थंडीतच होतं असंही नाही. उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर 2022 मध्ये 4 ऑक्टोबरला हिमस्खलन झालं, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटची कोर्सची टीम होती, 29 जण गेले. शिकवणारे आणि शिकलेलेच होते हो ते.

चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन येतं, धोका 1 ते 5 मध्ये देतात, निघायच्या आधी ते बघाच. गाडलेल्या माणसाला साधारण 15 मिनिटांत काढलं तर चान्स चांगला, नंतर झपाट्याने कमी होतो, म्हणजे हेलिकॉप्टरची वाट बघण्यात अर्थ नाही, सोबतच्यांनीच खणायचं. त्यासाठी ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं, प्रत्येकाकडे, ग्रुपमध्ये एकाकडे असून काय करायचंय. दोन ट्रान्सीव्हर मित्राकडून मिळतायत, रविवारी सकाळी तळजाईला पाचोळ्यात एक लपवून शोधायची प्रॅक्टिस करू, येणाऱ्यांनी कळवा.