गोनियोत माझा नाश्ता हुकला त्याची गोष्ट

त्राब्झोनहून निघताना बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, पासपोर्ट घेतलेस ना, आणि मी तिसऱ्यांदा बॅगेची चेन उघडून दाखवली. तुर्कस्तानातून जॉर्जियात रोडने जायचं हा हट्ट माझाच, बाबांचं म्हणणं सरळ विमान घ्यावं. पण डावीकडे सलग काळा समुद्र (जो त्या दिवशी चक्क हिरवा होता) आणि रिझेच्या आसपास उजवीकडे डोंगरभर चहाचे मळे, असं सुरू झाल्यावर बाबा गप्प झाले आणि खिडकी काही सोडेनात. होपाला गाडी बदलली. पुढे डोल्मुश, म्हणजे आपलं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही.

बॉर्डरच्या अलीकडे ट्रकांची ही लांब रांग. डोल्मुशवाल्याने उतरवलं आणि हातानेच दाखवलं, जा आता पायी. आधी तुर्कीचा शिक्का, मग बॅगा ओढत लांबच लांब पॅसेज, आणि मग जॉर्जियाची खिडकी. तिथल्या साहेबाने माझा पासपोर्ट उलटा, सुलटा, उजेडात धरून पाहिला, व्हिसा पाहिला, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट मागितलं, सगळं अगदी नम्रपणे पण घाई म्हणून नाही, आणि मागची रांग माझ्याकडे बघतेय. बाबांना मात्र दोन मिनिटांत सोडलं! पांढऱ्या केसांचा फायदा, दुसरं काय.

बाहेर येऊन वळून बघितलं तर सार्पी या बॉर्डरवरच्या गावातली चेकपोस्टची ती प्रसिद्ध बिल्डिंग. पांढरीशुभ्र, वेडीवाकडी फुगत वर गेलेली, युर्गन मायर नावाच्या जर्मन आर्किटेक्टने केलेली, 2011 ची. बाबा म्हणाले, "हे कस्टम्स आहे का वॉटर पार्क?" प्रश्न रास्त होता कारण तिला खेटूनच बीच आहे आणि लोक खुशाल पोहत होते. याच गावाचे 1921 च्या तहात दोन तुकडे झाले, एका ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे. दोन्हीकडे लाझ लोक, भाषा एक, नातीगोती एक, आणि सोव्हिएत काळात मधे कडक पहारा. गेट उघडलं ते थेट 1988 ला. म्हणजे समोर आत्याचं घर दिसतंय आणि जाता येत नाही. बाबा त्या ओढ्याकडे बराच वेळ बघत उभे होते, मीच म्हटलं चला, अंधार पडेल.

तर महत्त्वाची गोष्ट, जॉर्जियाचं घड्याळ तुर्कीच्या एक तास पुढे. बाबांनी तिथेच टॅक्सीत बसून आपलं एचएमटी काढलं, काटा फिरवला. मी म्हटलं फोन आपोआप बदलतो हो बाबा.

हॉटेल सार्पीच्या पुढच्या गोनियो गावात, तिथल्या रोमन किल्ल्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ. बुकिंगच्या फोटोत निळंगार होतं, तो फोटो बहुतेक दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. प्रत्यक्षात निळा रंग फक्त गच्चीच्या वळचणीला उरलेला, जिथे ऊन पोचत नाही. लिफ्टमधे एक खुर्ची ठेवलेली, बसायला नाही, लिफ्ट बंद आहे हे कळायला. किल्लीला नारळाएवढा लाकडी गोळा. खोलीतला वॉलपेपर ओलीने सुटून कोपऱ्यात गुंडाळी झालेली, आधीच्या कुणीतरी तो बँडेजच्या पट्टीने चिकटवायचा प्रयत्न केलेला, तीही सुटलेली. पण बाल्कनीचं दार ढकललं आणि खाली समुद्र! वाळू नाही, सगळे गोटे, त्यामुळे लाट मागे जाताना हजारो गोटे एकदम घरंगळतात, तांदूळ पाखडल्यासारखा खळखळ आवाज. रात्रभर तेच. मला इतकी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सकाळी फोनमधे पावणेदहा. नाश्ता दहापर्यंत, म्हणून धावत खाली गेले तर टेबलं पुसून झालेली, आणि रिसेप्शनच्या बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतायत. पावणेअकरा. माझं सिमकार्ड तुर्की, बॉर्डर हाकेच्या अंतरावर, रात्रीत कधीतरी फोनने परत तिकडचा टॉवर पकडला होता.

वर आले. बाबा बाल्कनीत. समोर पेपर नॅपकिनमधे गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी, पाव आणि चीजचा तुकडा.

"उठवलं का नाही?"

"झोपली होतीस गाढ," अंड्याचं कवच सोलत म्हणाले, "आणि तुझा फोन होता की उशाशी."