शिफ्ट माझं, बाण दादाचे

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज, रात्री

ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि दादाने पाकिटाबरोबर लॅपटॉपही माझ्यापुढे सरकवला. "खरी ओवाळणी ही," म्हणाला. पडद्यावर प्रिन्स ऑफ पर्शिया, आमचा लहानपणीचा कॉम्प्युटर गेम. १९९० चा, डॉस ह्या जुन्या सिस्टिमवरचा, जसाच्या तसा. मी काही बोललेच नाही. खुर्ची ओढली, आणि डाव्या हाताचं बोट आपसूक शिफ्टवर जाऊन बसलं.

१९९३ ची मे महिन्याची सुट्टी आम्ही सांगलीला मामाकडे काढली होती. दुपारी मामा ऑफिसातून घरी जेवायला जायचा, थोडा आडवा व्हायचा. ते दोन तास कॉम्प्युटर आमचा. कीबोर्ड एकच, म्हणून वाटणी केलेली. बाणांची बटणं दादाची, शिफ्ट माझं. राजपुत्राला पळवायचं, उडी मारायची हे त्याचं काम. कठड्याला लटकायचं, सुळ्यांमधून एकेक पाऊल जपून टाकायचं, बाटलीतलं औषध प्यायचं, तलवार चालवायची, हे सगळं माझ्या बोटावर. म्हणजे उडी त्याची आणि पकड माझी. पकड सुटली की राजपुत्र खाली जाऊन आपटायचा. दादा कधी रागावला नाही. फक्त म्हणायचा, "परत."

आज तसेच बसलो. मी डावीकडे, तो उजवीकडे. पहिली पातळी सहज पार झाली, हातांना सगळं आठवत होतं. मागे सई उभी होती, दादाची लेक, यंदा अकरावीला. थोडा वेळ बघून म्हणाली, "आत्या, ह्याला चेहराच नाहीये."

"आहे की," म्हटलं. मग नीट बघितलं. नाहीये. पिवळट केसांचा एक पुंजका आणि त्याखाली कातडीच्या रंगाचे चार ठिपके. डोळे नाहीत, ओठ नाहीत. बत्तीस वर्षं मी त्याचा चेहरा मनात घेऊन फिरतेय. कपाळावर आठी, दातावर दात रोवलेले, कठड्याला लटकताना ओढलेली मान. हे सगळं कुठून आलं मग?

सावरून घ्यायला म्हणून सईला म्हटलं, "पण ह्या निळ्या भिंती बघ, तेव्हा अगदी अशाच होत्या." दादा माझ्याकडे बघायला लागला. "अगं, मामाचा मॉनिटर कृष्णधवल होता."

खरंच की. निळ्या भिंती मी पुढे कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिल्या, दादा तिथे नव्हताच. तो निळा रंग मी नेऊन सांगलीच्या दुपारींना लावला, आणि इतकी वर्षं तिथलाच म्हणून जपला.

२४ ऑक्टोबर

रात्री झोप नीट लागली नाही. जुन्या खेळांना नवं रूप दिलं की मी कायम जुन्याच्या बाजूने भांडत आलेय. आता कळत नाही, मी नेमकं काय राखत होते? जे राखत होते ते पडद्यावर कधी नव्हतंच.

सप्टेंबर २०२० आठवला. ह्याच मालिकेतला २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने येणार म्हणून घोषणा झाली, आणि काम युबिसॉफ्ट ह्या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंमध्ये चाललेलं. लॉकडाऊनमध्ये घरात बसलेली मी, त्या बातमीने ऊर भरून आला होता. माझ्या शहरात माझा राजपुत्र घडतोय! मग ट्रेलर पाहिला आणि जीव खट्टू झाला.

२००३ चा तो खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना त्यातला उजेड आठवत असेल. सगळीकडे संध्याकाळचं पिवळं धुकं. खिडकीतून आलेला प्रकाश कडांवरून ओघळायचा, दिव्यांच्या ज्योती पसरट दिसायच्या. महाराजांच्या महालापासून सुरू झालेली ती गोष्ट कुणीतरी झोपेच्या आधी सांगत असावं, असं वाटायचं. नव्या ट्रेलरमध्ये उजेड थेट तोंडावर पडत होता. चेहरे स्वच्छ, गुळगुळीत, मेणाचे. जगभरातून लोक तुटून पडले. मीही चार कडक ओळी लिहिल्या. प्रकाशनाची तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे, आणि मे २०२२ मध्ये काम मॉंट्रियलकडे गेलं, जिथे २००३ चा मूळ खेळ झाला होता. खेळ अजून आलेला नाही.

माझ्या त्या ओळींचं आज वाईट वाटतं. माझ्याच शहरातल्या कुणीतरी त्या चेहऱ्यांवर रात्री जागवल्या असतील. डोळ्यांना खुपलं ते खोटं नव्हतं, पण कारण मी चुकीचं सांगत होते. "जुन्याची मजा नाही," एवढंच लिहिलं होतं मी. सईच्या कालच्या एका वाक्याने कारण जास्त नीट कळलं.

चेहरा नसलेल्या त्या बाहुल्याला चालणं मात्र खऱ्या माणसाचं होतं. पहिला खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, लटकायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर ते टिपलं. मग एकेक चौकट थांबवून, गिरवून, अ‍ॅपल टू ह्या कॉम्प्युटरवर उतरवली. त्यावर खेळ बाजारात आला तो १९८९ मध्ये. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातून उचलली. संगीत वडिलांचं. सगळं घरच्या घरात. म्हणूनच राजपुत्र धावताना थांबला की त्याचा तोल पुढे जातो, उडीनंतर गुडघे वाकतात. ते वजन खरं आहे. शरीर खरं होतं म्हणून तोंड आम्ही दिलं. मी माझं दिलं, दादाने त्याचं. (काल विचारलं तर दादाच्या राजपुत्राला मिशी होती!)

आणि ती सावली. मशीनमध्ये मेमरी इतकी कमी उरली होती की नव्या शत्रूचं चित्र मावेना. मग राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून, त्याच्यावरच पुन्हा उमटवून एक लुकलुकणारी सावली केली. चौथ्या पातळीवर आरसा आडवा येतो. धावत जाऊन त्यातून उडी मारायची. पलीकडून सावली निघते आणि आपला जीव (खेळात तो छोट्या त्रिकोणांनी दाखवतात) एका त्रिकोणावर येतो. शेवटाकडे तीच समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्यात चालत जायचं, दोघं एक होतात. जागेच्या टंचाईतून हे सुचलं. ते कळल्यापासून मला त्या चार ठिपक्यांची कणव वाटत नाही.

२००७ मध्ये ह्याच खेळाची नवी आवृत्ती आली होती. भिंती त्याच, सापळे त्याच जागी, वर नवा साज. दगडाला पोत, मशालींचा हलता उजेड, राजपुत्र ठसठशीत. देखणी होती, मी पूर्ण खेळले. पण तो कुणाचा भाऊ वाटला नाही.

मग फक्त ठिपकेच खरे का? नाही, असं मला म्हणता येणार नाही, सईनेच ती वाट बंद केली. जानेवारी २०२४ मध्ये ह्याच मालिकेतला 'द लॉस्ट क्राउन' आला. त्याआधी त्याचा पहिला ट्रेलर बघून मी नाक मुरडलं होतं: भडक रंग, चित्रकथेसारखी जाड रेघ, आणि नायक राजपुत्रच नाही, सार्गोन नावाचा योद्धा. आज दुपारी सईने तो माझ्या हातात दिला, संवाद फारसीत लावून. जुन्यासारखाच बाजूने दिसणारा पट. सार्गोन भिंतीला पाय देऊन उसळला, कड पकडली, अंग वर ओढून घेतलं. माझ्या बोटांना ते ओळखीचं वाटलं. जुन्या खेळाचा एक ठिपकाही त्यांनी उचलला नव्हता, तरी ते वजन तिथे होतं. सईला काही बोलले नाही. दोन तास खेळत बसले.

२६ ऑक्टोबर, रविवार

दादा सकाळी नाशिकला गेला. सई सुट्टी संपेपर्यंत इथेच आहे.

संध्याकाळी तिने आपण होऊन जुना खेळ लावला. "बाबाची जागा मी घेते," म्हणाली आणि उजवीकडे बसली. तिला एक पाऊल मागे घेऊन, धाव घेऊन उडी मारायची सवय नाही. बाण दाबला की लगेच उडी, ह्या वेगावर तिचे हात वाढलेत. सुरुवातीला चिडली. "हा ऐकतच नाही." म्हटलं, तो ऐकतो, पण आधी चाललेलं पाऊल पुरं करतो. चौथ्यांदा जमलं तिला.

तिला विचारलं, आता दिसतो का चेहरा? तिने पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, "घाबरलाय तो."

तिसऱ्या पातळीवर सांगाडा उठून उभा राहतो, त्याच्या जरा आधीची एक लांब उडी आहे. सईने बरोबर कडेवरून झेप घेतली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शिफ्ट दाबायला उशीर झाला. राजपुत्र खाली.

"सॉरी," मी म्हटलं.

"परत," सई म्हणाली.