जॉन डीकनबद्दल कधीपासून लिहायचं होतं

क्वीन हा इंग्लंडचा रॉक बँड म्हटलं की त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, हे ठरलेलंच आहे. आणि आमच्या सातारकडच्या लोकांना तर त्यात पाचगणीचा अभिमान पण असतो, कारण फ्रेडी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेतच पोरांचा द हेक्टिक्स नावाचा बँड काढला, हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. पण मला खरं वेड लावलं ते फ्रेडीने नाही, मागे ड्रमच्या बाजूला उभं राहून मान खाली घालून बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवणाऱ्या जॉन डीकनने.

का ते सांगतो. डिप्लोमाला असताना आमचा बँड होता आणि बेस माझ्याकडे होता. गॅदरिंगला पाच गाणी वाजवली, जीव तोडून वाजवली, आणि नंतर कळलं की साऊंडवाल्याने बेसचा चॅनल अख्खा कार्यक्रम बंदच ठेवला होता, म्हणजे माझ्या मागच्या अँपमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून, मला ऐकू येत होतं पण समोर हॉलमध्ये काहीच जात नव्हतं. विचारलं तर म्हणाला, गिटार तर येत होती ना! मित्र भेटून सांगत होते की मस्त झालं रे, पण काहीतरी भरल्यासारखं वाटत नव्हतं. काय कमी होतं ते त्यांना सांगता येईना. तबलजीने नुसती चाट वाजवली आणि डग्ग्याला हातच लावला नाही तर कसं वाटेल, तसं झालं होतं ते. लई लागलं होतं मला ते तेव्हा. त्याच आठवड्यात मी क्वीन परत लावलं आणि पहिल्यांदा फक्त खालचं ऐकलं.

डीकन इंग्लंडमधल्या लेस्टरचा, जन्म 19 ऑगस्ट 1951. वडील लहानपणीच गेले. पोरगा शांत, रेडिओवरची गाणी टेपवर उतरवून घेणारा, वायरी आणि सोल्डरिंगमध्ये रमणारा. 1965 मध्ये द ऑपोझिशन नावाच्या बँडमध्ये गेला तो गिटार वाजवायला, पुढे त्यांच्या बेसवाल्याची जागा रिकामी झाली म्हणून याच्या हातात बेस आला. बऱ्याच बेसवाल्यांची हीच कहाणी असते, कुणी मुद्दाम बेस मागायला जात नाही. मग लंडनला चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स. 1971 च्या सुरुवातीला क्वीनने त्याला घेतलं. त्याच्या आधी त्यांचे तीन बेसवाले होऊन गेले होते, एकही टिकला नव्हता. हा टिकला, आणि बँड चालू असताना डिग्री पण पहिल्या वर्गात काढली. बाकी तिघं, म्हणजे फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर, मोठ्या आवाजाची माणसं, भांडणारी, त्यात हा सगळ्यात लहान नि गप्प. पुढे पैशांचे व्यवहार पण बँड याच्याच नजरेखालून घालायचा.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. शिकत असताना त्याला रस्त्यावर टाकून दिलेल्या कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. उचलला, घरी आणला, एका लहानशा स्पीकरच्या खोक्यात बसवला, 9 व्होल्टची बॅटरी जोडली आणि अँप तयार! ना व्हॉल्युमचं बटण ना टोनचं. आतमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर, जे आपण कॉलेजात जुनी टेक्नॉलॉजी म्हणून अर्ध्या तासात संपवतो. तो अँप ब्रायन मेने आपल्या गिटारला लावून बघितला आणि त्यातून व्हायोलिनसारखे, ट्रंपेटसारखे, क्लॅरिनेटसारखे आवाज निघायला लागले. 1975 च्या अल्बममधल्या 'गुड कंपनी'मध्ये जो अख्खा जॅझ बँड वाजतोय असं वाटतं ना, तो बँड नाहीये, ती मेची गिटार आहे आणि या भंगारातल्या अँपचा आवाज आहे. त्याचं नावच डीकी अँप पडलं. मी स्वतः अँप रिपेअर करतो, जुने बोर्ड फेकताना आजही माझा हात थांबतो.

गाणी तो कमी लिहायचा पण काय लिहायचा. 1980 चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' घ्या. त्याला सोल आणि डिस्को मनापासून आवडायचं, बँडमध्ये सगळ्यांनाच ते पचत नव्हतं, रॉजर टेलरला तर तसला कोरडा ड्रम नकोच होता, तरी शेवटी ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून तो आवाज काढला. फ्रेडी मात्र या गाण्याच्या मागे ठाम उभा राहिला. मायकेल जॅक्सनने ऐकून सांगितलं की हे सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून काढा, आणि ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. बेस हातात घेऊन बघा एकदा: ए आणि जी हे सूर, मग सगळ्यात जाड तार तीनदा, आणि थांबा. ते थांबणं आहे ना, तिथेच सगळी पोरं चुकतात. माझ्याकडे भाची शिकायला येते, ती दोन महिने त्या मोकळ्या जागेत काहीतरी घुसडायचीच, मी तिचा हात तारेवर दाबून धरायचो. ज्या दिवशी ती गप्प राहिली त्या दिवशी शेजारच्या खोलीत आईचा पाय हलायला लागला.

1981 ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत गायक डेव्हिड बोवीबरोबर 'अंडर प्रेशर' झालं. रॉजर टेलर सांगतो की डीकन बराच वेळ एकच तुकडा वाजवत बसला होता, मग सगळे पिझ्झा खायला गेले, परत आले तर हा विसरलेला की काय वाजवत होतो! टेलरच्या लक्षात होतं म्हणून वाचलं. जगात कुठेही ते पहिले सूर वाजले की लोक ओळखतात.

24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी गेला. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमला त्याच्यासाठी कार्यक्रम झाला त्यात डीकनने वाजवलं, नंतर तो हळूहळू लांब गेला. 17 जानेवारी 1997 ला पॅरिसमध्ये नृत्यदिग्दर्शक मॉरिस बेजारच्या बॅलेच्या कार्यक्रमात गायक एल्टन जॉन गायला, उरलेल्या तिघांनी वाजवलं, आणि तो त्याचा क्वीनबरोबरचा शेवटचा स्टेज. फ्रेडीच्या जागी दुसरा माणूस बसवता येत नाही असं त्याचं मत होतं, त्याप्रमाणे तो वागला, बाकी दोघांना पुढे वाजवायला अडवलं पण नाही. 2001 ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मोठ्या सन्मानाच्या यादीत क्वीनला घेतलं तेव्हा पण आला नाही. लोक याला रहस्य म्हणतात, कोणी घमेंड म्हणतं. मला यात रहस्य काहीच दिसत नाही. आपला माणूस गेला, याचं वाजवणं संपलं, घरी बायको आणि सहा मुलं. रस्त्याने चाललेल्या त्याचे लपून काढलेले फोटो लोक टाकतात, खाली लिहितात की बघा कसा दिसतोय आता. नका रे टाकू.

एक काम करा, आज रात्री हेडफोन लावून 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' ऐका. बायकोसाठी लिहिलंय त्याने, लग्न झालं त्याच वर्षी, 1975 ला. फ्रेडीला तो इलेक्ट्रिक पियानो आवडायचा नाही, म्हणून डीकन तो घरी घेऊन गेला आणि स्वतः शिकला. पहिल्यांदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा शब्द सोडून द्या आणि फक्त खाली ऐका, पियानो पण तोच वाजवतोय आणि बेस पण तोच.