फॉर्मवाल्या मॅडम

आम्ही काही जण नागपूरच्या तुरुंगात बंद्यांना शिकवायला, अर्ज लिहून द्यायला जातो. काल तिथला एक पोरगा माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मी वही काढली, पेन उघडलं, तरी याची नजर दाराकडेच. "सर नाही आले का जी?" म्हटलं, अरे, मी आले ना. तर म्हणतो, "हो, पण तुम्ही त फॉर्मवाल्या मॅडम."

एवढंच. बाजूचे दोघं हसले, मीही हसले. आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरून राहिलंय.

फॉर्मवाल्या! याचा जामीन केव्हाचा मंजूर झालाय. पैसे भरायला कोणी नाही म्हणून आत बसलाय. गरीब कैद्यांसाठी २०२३ साली केंद्राची योजना आली, न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्याला जामिनाच्या पैशांसाठी मदत मिळू शकते, हे त्याला कोणी सांगितलं? जिल्ह्याच्या समितीपुढे जाणारा अर्ज कोणी लिहिला? सरांनी? सर त्याला भागाकार शिकवतात, आणि भागाकार अर्धा टाकून नागपूरकर रघुजीराजे भोसल्यांच्या स्वाऱ्या सांगत बसतात.

बरं, ते सर तरी आणले कोणी? महालातल्या त्यांच्या घरी जाऊन, "बाबा, या वयात कुठे त्या लोकांत जाता" म्हणणाऱ्या मुलाची समजूत घालून, पोलिस पडताळणी, फोटो, झेरॉक्स, सगळं मीच. आमच्यात येणाऱ्या नव्या माणसांना पहिल्या बैठकीत सांगते तेही मीच. गुन्हा विचारायचा नाही. स्वतःचा नंबर द्यायचा नाही. चिठ्ठी आत न्यायची नाही, बाहेर आणायची नाही. "सुटशील लवकर" हे तर चुकूनही म्हणायचं नाही. आणि देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन जण न्यायाधीन आहेत, २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ७५ टक्क्यांच्या वर. म्हणजे ज्यांना आपण गुन्हेगार समजून बिचकतो, त्यांतल्या बहुतेकांचा खटला अजून संपलेलाच नाही. सगळे माना डोलावतात. मग समाजकार्य शिकणाऱ्या, एमएसडब्ल्यूच्या पोरींचे फील्डवर्कचे तास भरतात आणि त्या जातात. त्यांच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

रात्री जेवताना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला हेवा वाटतो सरांचा." म्हटलं, सत्तरीतल्या माणसाचा कसला हेवा! पोळी वाढता वाढता कळलं की हेवाच आहे. चांगला ठसठशीत.

एवढ्या वर्षांत मला बघून कोणाचा चेहरा असा उजळला? कोणी दाराकडे बघत बसलं? आई म्हणायची तेच खरं. जाऊ दे.

पण एक आहे. बाहेर आलो की आम्ही राहाटे कॉलनी चौकात चहा घेतो. नवीन माणसाला तर मी चहाशिवाय घरी सोडतच नाही, कारण आतलं ऐकलेलं तसंच घरी नेलं की तो माणूस पुढच्या खेपेला येत नाही. घरी बोलायची सोय नसते ना. सर मात्र अर्धा कप होईस्तोवर गप्प असतात. परवा म्हणाले, "त्याची आई बुधवार बाजारात भाजी विकते. अजून सुटलो नाही, हे शेजाऱ्यांना कळलं तर ती बसणं बंद करेल म्हणतो." मला हे माहीत नव्हतं. माझ्या फॉर्मवर आईचं नाव आणि पत्ता एवढेच रकाने आहेत. आणि सरांनी विचारलंही नव्हतं त्याला. भागाकार करता करता तोच बोलला.

मग मला काय हवं होतं? त्या पोराने पाया पडावं? दर महिन्याला नळाचं बिल आणून देणाऱ्या माणसाचा चेहरा मला तरी कुठे आठवतो. पाणी आलं की झालं. अर्ज मंजूर झाला तर तोही बाहेर पडून सरांनाच शोधत महालात जाईल, आणि सर मला फोन करून विचारतील की आता याचं काय करायचं. तेही माझ्याच खात्यात.

त्यात सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, मग काही महिने पुण्याला मुलीकडे. "दुसरा मास्तर बघून ठेवा" म्हणाले. या नवतप्यात, मे अखेरच्या उन्हात, कोण मिळणार? आज बँकेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थांना फोन लावला. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, तिथे कूलर असतो का. मग म्हणाले, "मिसेसला विचारून सांगतो."

म्हणजे गेले. तरी सोमवारी परत फोन करणार आहे, या वेळी थेट मिसेसना.