पन्नास पैशांचा घोळ

आज रविवार, मेगाब्लॉक, घरातून हलायचा प्रश्नच नव्हता. म्हटलं, सोसायटीची मेंटेनन्सची बिलं पायथॉनमधून (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) काढून टाकू. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात (एक टेबल, एक पंखा) खजिनदार काका वही घेऊन बसलेच होते. तिसऱ्याच बिलावर त्यांचं बोट. "अरे, १०६२.५० चे १०६२, आणि १०६३.५० चे १०६४? एकाला खाली, एकाला वर?"

अर्धा तास कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हतीच. पायथॉन ३ चं राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारं फंक्शन, बरोब्बर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं. जावास्क्रिप्ट (दुसरी एक प्रोग्रॅमिंग भाषा) आणि एक्सेल १०६२.५० चे १०६३ देतात. गंमत म्हणजे या पद्धतीचं नावच बँकर्स राउंडिंग, आणि काका बँकेतून रिटायर झालेले. "आमच्या बँकेत असलं काही नव्हतं," हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

मग व्याज. २.६७५ चे दोन दशांशांत २.६७! इथे सम-विषमाचा संबंध नाही. हा आकडा बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या लिपीत, नेमका मावतच नाही, आत २.६७४९९९… असा बसतो. ०.१ + ०.२ केलं की सतराव्या स्थळी एक ४ लोंबकळतो, तोही त्याचमुळे. काकांना म्हटलं, एक भागिले तीन पूर्ण लिहून दाखवा. त्यांनी वहीत सहा वेळा ३ काढले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

शेवटी रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. राउंडिंग पायथॉनच्याच डेसिमल मॉड्यूलने (दशांश आकडे नेमके धरणारं), अर्धा आला की वर. हिशोब टॅली झाला. काकांनी तरी कॅल्क्युलेटरवर बेरीज मारलीच.