हांसीचा जहाजसाहेब

पानिपत, कुरुक्षेत्र, दोन दिवस दाट धुकं आणि दोन्ही वेळ पराठे. हॉटेलात गरम पाणी येतंय येतंय म्हणत आलंच नाही. ते सगळं राहू दे, सांगायचंय ते हरियाणातल्या हिसारच्या जहाज कोठीबद्दल.

समुद्राचा पत्ता नसलेल्या गावात जहाज कुठून आलं? तर ही कोठी जॉर्जची. लोकांच्या तोंडी जॉर्जचा जहाज झाला. झज्जरकडच्या त्याच्या जॉर्जगढाचाही जहाजगढच झालाय. जॉर्ज थॉमस, आयर्लंडमधल्या टिपरेरीचा खलाशी. १७८०च्या आसपास मद्रासला जहाजावरून पळाला, पुढे मेरठजवळच्या सरधन्यावर राज्य करणाऱ्या बेगम समरूच्या फौजेत शिरला. तिथे बिनसल्यावर १७९३ मध्ये आला तो थेट आपल्या आप्पा खंडेरावांकडे! आप्पा शिंद्यांचे सरदार. त्यांनी मुलूख तोडून दिला आणि फौज उभी करायला सांगितलं. १७९७ मध्ये आप्पांनी यमुनेत जीव दिला. मग यानं हांसीत स्वतःचंच राज्य मांडलं, नाणीसुद्धा पाडली.

हिसारहून हांसीपर्यंत बसमध्ये उभ्यानं गेलो. किल्ला म्हणजे मोठं मातीचं टेकाड. वर एक ताऊ उन्हात बसले होते.

"कित तै आए हो?"

"महाराष्ट्र से."

"अच्छा, पानीपतवाले!"

त्यांनी बाजूला सरकून जागा दिली. मी उत्साहानं सांगायला लागलो, की जहाजसाहेबाला मुलूख देणारे आमचे, आणि १८०१ मध्ये त्याला इथे कोंडणारी फौजही आमचीच, दौलतराव शिंद्यांची. तिचा सेनापती पेराँ मात्र फ्रेंच.

ताऊ खो खो हसले. "तो झगड़ा घर का ही था!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हांसी सोडल्यावर एक इंग्रज अधिकारी त्याचं चरित्र लिहून घ्यायला बसला, तेव्हा थॉमस म्हणाला, फारसीत सांगतो. इंग्रजीची सवय सुटली होती. मायदेशी जायला कलकत्त्याकडे निघाला आणि १८०२च्या ऑगस्टमध्ये वाटेत बंगालमधल्या बहरामपूरलाच वारला.

बस स्टँडवरून दादाला डब्लिनला फोन लावला. बावीस वर्षं तिकडे आहे, आणि त्याचं मराठी बिघडलं म्हणून मी दर वेळी टोमणे मारतो. आज मारला नाही. थॉमस रॉस्क्रे गावचा, असं सांगितलं.

"रॉस्क्रे? अरे, ते आमच्या लिमरिकच्या रस्त्यावर लागतं," दादा म्हणाला.